मेंदूतली उघाडी

"दादा, ही गोळी डोकं सुस्त करते म्हणतात. पोराची शाळा आहे, अभ्यास आहे. मग द्यायची तरी कशाला?"

आमचं मेडिकल खारेपाटात आहे, अलिबाग आणि पेणच्या मधल्या पट्ट्यात. चिठ्ठीवर क्लोबाझम, म्हणजे फिटवरची गोळी, लिहिलेली होती. मुलगा नऊ वर्षांचा, त्याला तीन महिन्यांत दोनदा फिट आलेली. मागे चार गिऱ्हाइकं उभी होती, म्हणून मी दोन वाक्यांत उत्तर दिलं. त्यानं त्या ताईंचं समाधान झालं नाही आणि माझंही नाही. त्यांच्या प्रश्नामागे जी समजूत आहे ती बहुतेकांची असते. मेंदू जितका जास्त चालेल तितका चांगला आणि त्याला आवरणारं काहीही म्हणजे नुकसान, अशी ती समजूत. मेंदूचं निम्मं कौशल्य आवरण्यातच आहे. ते कसं, हे आज सवडीनं सांगतो.

कोपरात हात वाकवून पाहा. दंडाचा पुढचा स्नायू आखडतो तेव्हा मागचा सैल पडतो. त्याला चालवणाऱ्या चेतापेशींना मज्जारज्जूतच "तुम्ही आता गप्प राहा" असा निरोप मिळालेला असतो. तो मिळाला नाही तर दोन्ही स्नायू एकदमच ओढतील आणि हात लाकडासारखा ताठ होईल. चार्ल्स शेरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञानं या जोडकामाचा आयुष्यभर अभ्यास केला. चेतापेशींवरच्या कामासाठी त्याला १९३२ साली नोबेल मिळालं. स्पर्शाचंही तसंच आहे. जाळं विणणाऱ्या माणसाला अंधारातही बोटांनी गाठ कळते. गाठीखालच्या पेशी जोरात बोलतात आणि आजूबाजूच्यांना गप्प करतात, म्हणून गाठीची कड स्पष्ट उमटते. शेजारच्या पेशी गप्प झाल्या नाहीत तर बोटाला नुसता गोंधळ जाणवेल.

माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत. त्यांतल्या बऱ्याच जणी एकमेकींना चेतवतात, म्हणजे एक पेटली की दुसरी, दुसरीमुळे तिसरी, आणि फिरून पुन्हा पहिली. आवरणारं कुणी नसेल तर हा वणवा काही क्षणांत सगळीकडे पसरेल. म्हणून मेंदूच्या वरच्या थरात साधारण पाचातली एक पेशी आवरण्याच्याच कामाला लावलेली असते. तिचा निरोप म्हणजे गाबा नावाचं रसायन. हा निरोप जिथे पोचतो त्या दाराला रिसेप्टर म्हणतात, आणि मला सांगायचं आहे ते या दाराबद्दल.

खारेपाटात वाढलेल्याला उघाडी समजावून सांगावी लागत नाही, पण इतरांसाठी सांगतो. इथली भातशेती खाडीला लागून आहे, कित्येक ठिकाणी उधाणाच्या पाण्यापेक्षा खालीच. मधे मातीचा बांध असतो आणि बांधात जागोजागी एक दार बसवलेलं असतं, ती उघाडी. पावसाचं पाणी शेतात तुंबलं की ओहोटीला ते उघाडीतून खाडीत उतरतं. भरती आली की बाहेरच्या दाबानं झडप मिटते आणि खारं पाणी आत शिरत नाही. माझे वडील जुलैतल्या रात्री बॅटरी घेऊन उघाडीवर जायचे. झडपेत ओंडका अडकला नाही ना, जाळ्याचा तुकडा गुंतला नाही ना, हे हाताने चाचपून बघायचे. उघाडी अडली तर एका रात्रीत शेत बुडतं आणि बांधाला खांड पडते.

आता शेताच्या जागी चेतापेशी धरा आणि पाण्याच्या जागी विजेची पातळी. निवांत पेशीच्या आत बाहेरच्या मानाने सुमारे उणे ७० मिलिव्होल्ट इतका दाब असतो. शेजारणींचे चेतवणारे निरोप म्हणजे पाऊस. एकेका निरोपानं पातळी थोडी थोडी चढते आणि उणे ५५ च्या आसपास पोचली की बांध फुटतो, म्हणजे पेशी आपला विजेचा झटका पुढे पाठवते. गाबाचं दार म्हणजे उघाडी. गाबा येऊन चिकटला की ते हजाराव्या सेकंदाच्या हिशेबात उघडतं आणि क्लोराइडचे कण आत येतात. क्लोराइड म्हणजे मिठातला अर्धा भाग, त्यावर ऋण भार असतो. कण आत येतात आणि पातळी मात्र उतरते, हे ऐकायला उलटं वाटतं. ऋण भार वाढला की विजेची पातळी खाली जाते, एवढं लक्षात ठेवलं तर गोंधळ होत नाही.

आणखी एक खुबी आहे. पुष्कळदा गाबानं पातळी फारशी उतरतही नाही. तरीही पेशी आवरली जाते, कारण दार उघडं असेतोवर वरून कितीही पाऊस पडला तरी पाणी चढत नाही, लगेच वाहून जातं. ओहोटीच्या वेळी उघाडी मोकळी असेल तर मुसळधार पावसातही शेत तुंबत नाही, तसंच. आवरणं म्हणजे मेंदूचं बटण बंद करणं नव्हे, ते या दारावरून कळतं.

पेशीच्या दाराला आमच्या झडपेची अक्कल मात्र नाही. झडप भरतीला मिटते. गाबाचं दार निरोप आला की उघडतं आणि कण कोणत्या बाजूला जातील ते आत-बाहेरच्या साठ्यावर ठरतं. मोठ्या माणसाच्या मेंदूत केसीसी-टू नावाचा पंप पेशीतलं क्लोराइड सतत बाहेर काढत असतो, म्हणून बाहेर त्याचा साठा आतल्यापेक्षा कितीतरी पट जास्त राहतो आणि दार उघडल्यावर ते आत येतं. गर्भातल्या आणि नुकत्याच जन्मलेल्या मेंदूत हा पंप पुरता तयार झालेला नसतो. क्लोराइड आतच साठलेलं असतं. तेच दार, तोच गाबा, पण उघडल्यावर क्लोराइड बाहेर जातं आणि पातळी चढते. भरतीच्या वेळी कुणी उघाडी हाताने उचलून धरावी तसं. उंदरांच्या पिल्लांच्या मेंदूत हे १९८९ मध्ये स्पष्टपणे दिसलं. नवजात बाळाच्या आकडीवर मोठ्यांची औषधं कधीकधी तितकी लागू पडत नाहीत, याचं हे एक कारण मानलं जातं. मला स्वतःला हा सगळ्या विषयातला सगळ्यात विलक्षण भाग वाटतो. एखादं रसायन शांत करणारं की चेतवणारं, हे त्या रसायनावर ठरतच नाही, ते दोन्ही बाजूंच्या पातळीवर ठरतं.

गाबा मेंदूत सापडला १९५० साली. तो आवरणारा निरोप आहे हे कळायला आणखी काही वर्षं लागली. १९५७ मध्ये शास्त्रज्ञांनी गाईंच्या तब्बल ४५ किलो मेंदूतून चेतापेशींना गप्प करणारा एक पदार्थ वेगळा केला आणि तो गाबाच निघाला. त्याची परीक्षा घेतली होती क्रेफिश नावाच्या गोड्या पाण्यातल्या प्राण्याच्या चेतातंतूवर. आपल्या शेवंडीचा हा चुलत नातेवाईक.

शरीर गाबा बनवतं ग्लुटामेटपासून, आणि ग्लुटामेट हाच मेंदूतला मुख्य चेतवणारा निरोप आहे. त्याचा एक तुकडा काढून टाकला की झाला गाबा. हे काम करणाऱ्या एन्झाइमला ब-६ जीवनसत्त्व लागतं. क्षयाच्या उपचारातली आयसोनियाझिड ही गोळी या ब-६ च्या आड येते. कुणी तिचा फार मोठा डोस एकदम घेतला तर गाबा तयार होणं मंदावतं, आकडी येते आणि ती थांबवायला ब-६ चंच इंजेक्शन द्यावं लागतं. क्षयाच्या पेशंटना गोळ्यांबरोबर पायरिडॉक्सिन का देतात, असं कुणी विचारलं तर मी सांगतो की नसा सांभाळायला. हा दुसरा धागाही त्याच जीवनसत्त्वाचा आहे.

गाबाच्या या जलद दाराला गाबा-ए रिसेप्टर म्हणतात. पाच तुकडे गोलाकार उभे केल्यासारखी त्याची रचना असते आणि मधून क्लोराइडचा बोळ जातो. माणसात या तुकड्यांच्या १९ जाती आहेत. कुठले पाच एकत्र आले त्यावर दाराचा स्वभाव ठरतो. गाबा एका खाचेत बसतो. आमच्या कपाटातली बरीच औषधं शेजारच्या दुसऱ्या खाचांत बसतात. डायझेपाम, क्लोबाझम, क्लोनाझेपाम, मिडाझोलाम ही एका कुळातली. ती स्वतः दार उघडत नाहीत. गाबा आलेला असेल तर दार अधिक वेळा उघडतं, इतकंच. फेनोबार्बिटोन हे १९१२ पासून वापरात असलेलं औषध दार उघडल्यावर ते जास्त वेळ उघडं ठेवतं, आणि त्याच्या कुळातली औषधं मोठ्या डोसमध्ये तर गाबा नसतानाही उघडतात. म्हणून जुन्या काळच्या झोपेच्या गोळ्यांचा जास्त डोस श्वास थांबवायचा. डायझेपामचं नवं कुळ गाबाशिवाय दार उघडतच नाही, म्हणून त्याला एक मर्यादा आपोआप मिळाली. दारूबरोबर घेतली तर तीही सुटते.

दारूही याच दाराला हात लावते. रोज भरपूर पिणाऱ्याच्या मेंदूत ही दारं हळूहळू निबर होतात, त्यांना दारूचा धक्का गृहीतच धरावा लागतो, आणि चेतवणारी बाजू तोल साधायला वर चढते. मग श्रावण लागला म्हणून अशा माणसानं एका दिवसात सगळं सोडलं की पहिल्या दोन दिवसांत हात थरथरतात, घाम फुटतो, काहींना फिट येते. घरचे म्हणतात बाहेरचं लागलं. लागलेलं काही नसतं. पाऊस तोच आहे आणि उघाड्या अडलेल्या आहेत. दारू सोडावीच, पण इतकी वर्षं, इतकी रोजची असेल तर डॉक्टरच्या हाताखाली सोडावी. फिटच्या आणि झोपेच्या गोळ्याही याच कारणानं मनाने एकदम बंद करायच्या नसतात. दोन महिने फिट आली नाही म्हणून गोळी थांबवली आणि तिसऱ्या दिवशी पेशंटला रिक्षात घालून न्यावं लागलं, असं मी माझ्या काउंटरवरून पुन्हापुन्हा पाहिलं आहे.

आता कोकणातल्या एका झाडाकडे येतो. सावंतवाडी-दोडामार्गकडच्या रानात काजरा भरपूर. पिकल्यावर फळं नारिंगी, दिसायला इतकी सुरेख की मूल सहज हात घालील. आत चपट्या, गोल, बटणासारख्या बिया, त्यांवर रेशमासारखी बारीक लव. हाच कुचला. आयुर्वेदात तो शुद्ध केल्याशिवाय वापरत नाहीत, आणि त्यामागे पक्कं कारण आहे. त्यातल्या स्ट्रिक्नीन या विषाचा शोध पेलेतिए आणि कावान्तू या दोघा फ्रेंच रसायनतज्ज्ञांनी १८१८ मध्ये लावला. दोनच वर्षांनी त्यांनीच हिवतापावरचं क्विनाइन वेगळं केलं.

मज्जारज्जूत आवरण्याच्या कामात गाबाबरोबर ग्लायसिन नावाचा दुसरा निरोप असतो. त्याचंही दार पाच तुकड्यांचं आणि क्लोराइडचंच. स्ट्रिक्नीन नेमकं त्या खाचेत जाऊन बसतं आणि ग्लायसिनला जागाच ठेवत नाही. मग कोपराच्या उदाहरणातला "गप्प राहा" कुणालाच ऐकू येत नाही. सगळे स्नायू एकदम ओढतात. पाठीचे स्नायू पोटाच्या स्नायूंपेक्षा दणकट, म्हणून अंग मागच्या बाजूला धनुष्यासारखं वाकतं. कुणी हात लावला, भांडं पडलं, एवढ्यानेही पुन्हा झटका येतो. आणि माणूस पूर्ण शुद्धीवर असतो.

धनुष्यासारखं हा शब्द वाचून तुम्हाला दुसरंच काही आठवलं असेल, धनुर्वात. आपल्या लोकांनी रोगाला नाव दिलं ते त्या वाकलेल्या अंगावरून. दातखीळ बसणं हे बहुतेकदा त्याचं पहिलं लक्षण. खतातल्या, मातीतल्या जंतूचं विष जखमेतून स्नायूच्या नसेत शिरतं, नसेतून उलट वर चढत मज्जारज्जूत पोचतं आणि तिथल्या आवरणाऱ्या पेशींत घुसतं. तिथे ते निरोप बाहेर टाकणाऱ्या यंत्रणेतलं एक प्रथिन कातरतं. १९९२ मध्ये हे उघड झालं. काजऱ्याचं विष दाराच्या कुलपात अडकतं, धनुर्वाताचं विष किल्ली घेऊन निघालेल्याला घरातच अडवतं. वाटा दोन, पण वाकलेलं अंग एकच. दारं बंद पडली की शरीराचं काय होतं याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा मला माहीत नाही.

म्हणून धनुर्वाताच्या पेशंटला अंधाऱ्या, शांत खोलीत ठेवतात आणि डायझेपामसारखं औषध देतात. ग्लायसिनचा निरोप परत आणता येत नाही, तेव्हा गाबाच्या शाबूत दारांवर जोर द्यायचा. एकेकाळी अस्वच्छ विळ्याने नाळ कापल्यामुळे कितीतरी बाळं याच रोगानं जायची. २०१५ मध्ये भारतातून माता आणि नवजात बाळांचा धनुर्वात हटल्याची अधिकृत नोंद झाली, आणि त्यामागे गावोगाव फिरणाऱ्या सुईणी, नर्सताई आणि आशाताईंचे कष्ट आहेत. खिळा लागला तर इंजेक्शनला टाळाटाळ करू नका.

गाबाचं एक संथ दारही आहे, गाबा-बी. ते स्वतः दार नाहीच, ते पेशीच्या आत निरोप देऊन पोटॅशियमची वेगळी दारं उघडवतं. काम सावकाश आणि जास्त वेळ टिकणारं. लकव्यानंतर किंवा मणक्याच्या इजेनंतर पाय ताठरतात त्यावर दिली जाणारी बॅक्लोफेन इथे लागू पडते. तीही एकदम थांबवू नये.

आता मूळ प्रश्नाकडे, फिटकडे. फिट म्हणजे मेंदूच्या एखाद्या भागात किंवा सगळीकडे पेशी एकाच तालात पेटणं. बहुतेक वेळा एक-दोन मिनिटांत आवरणाऱ्या पेशी तो वणवा विझवतात आणि फिट आपोआप थांबते. पण लांबली तर एक वाईट गोष्ट सुरू होते, आणि ती माझ्या मते प्रत्येक घराला माहीत हवी. प्राण्यांवरच्या प्रयोगांत असं दिसलं आहे की फिट चालू राहिली की पेशी आपल्या पृष्ठभागावरची गाबा-ए दारं आत ओढून घ्यायला लागते. मिनिटं जातात तशी उघाड्यांची संख्याच घटते. जे औषध दारावर चालतं त्याला धरायला दारच उरत नाही. पाचव्या मिनिटाला लागू पडणारा डोस अर्ध्या तासानं अपुरा पडतो तो यामुळे.

आमच्या भावकीत एका मुलीला गणपतीत आरतीच्या वेळी फिट आली. कुणी कांदा फोडून नाकाशी धरला, कुणी चप्पल आणली, एक काका दातांत चमचा घालायला धावले. डॉक्टरांनी लिहून दिलेला मिडाझोलामचा नाकात मारायचा फवारा घरात होता, पण कपाटाला कुलूप होतं आणि चावी तिच्या आईकडे, आई विहिरीवर. मी पोरीला कुशीवर वळवलं आणि घड्याळाकडे बघत राहिलो. फवारा हातात आला तेव्हा अकरा मिनिटं झाली होती. तो मारूनही फिट थांबली नाही. १०८ ला फोन, पावसातला रस्ता, आणि शेवटी दवाखान्यात शिरेतून दुसरं औषध गेल्यावर अंग सैल पडलं. पोरगी वाचली, चांगली आहे. पुढच्या वेळी चिठ्ठीत लिहिल्याप्रमाणे पाच मिनिटं होताच फवारा दिला आणि थोड्याच वेळात हात सैल झाले. दोन वेळांवरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे मला कळतं. पण ती अकरा मिनिटं मी विसरलेलो नाही.

तेव्हा कुशीवर वळवा, गळ्याभोवतीचं सैल करा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, तोंडात काहीही घालू नका आणि वेळ बघा. पाच मिनिटांपुढे गेली तर लिहून दिलेला फवारा आणि १०८. किती फवारे हे वजनावर ठरतं, ते चिठ्ठीवर डॉक्टरांकडून लिहून घ्या.

आणि सुस्तीचं? ती येते, हे मी त्या ताईंपासून लपवलं नाही. गोळी सगळ्याच दारांवर थोडा थोडा जोर देते, फक्त बिघडलेल्या कोपऱ्यात नाही. पहिल्या दिवसांत मूल पेंगतं, काही मुलं चिडचिडी होतात. पुष्कळदा हे काही आठवड्यांत कमी होतं. नाही झालं तर डोस किंवा औषध बदलता येतं, ते डॉक्टरांना सांगायचं. गोळीनं अभ्यास थोडा मंदावेल कदाचित. पण दर महिन्याला फिट येणाऱ्या मेंदूचा अभ्यास कधीच सरळ चालत नाही.

दुसऱ्या खेपेला त्या ताई आल्या त्या दुपारी, दुकानात गर्दी नसताना. या वेळी चिठ्ठीत मिडाझोलामचा फवाराही होता. मी रिकाम्या फवाऱ्यावर त्यांच्याकडून दोनदा करून घेतलं. पहिल्यांदा त्यांचं बोट घसरलं, दुसऱ्यांदा नीट दाबलं गेलं. फवाऱ्याची नोंद मी वेगळ्या वहीत केली, सही घेतली. मग त्यांनी विचारलं, हे घरात ठेवू कुठे?

मी म्हटलं, कुलपात नको, मुलाच्या हाताला लागेल असंही नको. त्यांनी क्षणभर विचार केला. "दारामागच्या वरच्या खिळ्याला पिशवी अडकवते," त्या म्हणाल्या. "तिथे आमची उघाडीवर जायची बॅटरी असते. अंधारातही बरोब्बर हात जातो तिथे."